भागीरथाबाईंच्या भिंतीवरचे जाळे

मासळी तोलून झाली की गिऱ्हाईक सवयीने म्हणते, "वर एक टाका की." शहागंजातल्या बाकीच्या विक्रेत्या कुरकुरत का होईना, एखादी चिलापी पिशवीत टाकतात. भागीरथाबाई टाकत नसत. हातातला सुरा खाली ठेवून त्या गिऱ्हाइकाकडे नीट बघत आणि विचारत, "वर म्हंजी? कुनाच्या खालून काढून?"

या प्रश्नाला उत्तर देणारे गिऱ्हाईक मी पाहिले नाही. मीही एकदा तो प्रश्न ऐकला आणि निमूटपणे पिशवीचे बंद ओढून चालू लागलो. पुढे ओळख वाढल्यावर उमगले, की बाईंचे सारे तत्त्वज्ञान त्या एका वाक्यात मावत होते. कुणाला जास्त मिळाले असेल, तर ते कुठून तरी कमी झालेले असते. आणि जे कमी झाले, ते भागीरथाबाई विसरत नसत.

त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या अपयशामुळे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो आणि रक्तदाबाच्या डॉक्टरांनी सुचवले म्हणून, ज्या वयात लोक छंद सोडतात त्या वयात, गळाने मासे धरायला शिकू लागलो. शहरातल्या हौशी गळवाल्यांचा एक गट होता. दोन डॉक्टर, एक कंत्राटदार, काही तरुण नोकरदार आणि या सर्वांचे पुढारपण करणारे एक नामांकित वकीलसाहेब. दर रविवारी ही मंडळी गंगापूर रस्त्याने आत वळून एका तळ्यावर जात. मी मागच्या आसनावर अंग चोरून बसून जात असे. गळाला दोरा बांधण्याची गाठ मला शेवटपर्यंत जमली नाही. ती सुटू नये म्हणून मी तिच्यावर पत्नीच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा गुंडाळी. वकीलसाहेब ते पाहून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "सर, माशाला गळ लावताय की राखी बांधताय?" सगळे हसत. मीही हसत असे, कारण तेच सोपे होते.

रिकाम्या हाताने घरी जाण्याचा संकोच वाटे. म्हणून परतताना मी शहागंजात उतरून एखादा रोहू विकत घेई आणि तो आपणच धरला असे घरी भासवी. एका संध्याकाळी मासा कागदात बांधता बांधता बाई थांबल्या.

"सर, सकाळी आमच्या तळ्यावर तुमीच बसला व्हता ना? लाल दोऱ्याचे?"

मी मान हलवली.

"आन दिसभर पान्याकडं बघून मासा माझ्याकडून?"

 त्यांनी कागद पुन्हा उलगडला, माझ्या पिशवीतला गळ मागून घेतला आणि माशाच्या ओठात खोलवर रुतवून ओढून काढला. "आता न्या. तोंड फाटल्याबिगर नेला तर बाईसाहेब वळखतील."

त्या माझ्यावर खूश झाल्या असे मात्र नव्हे. पाण्यातला मासा मी नेला नाही आणि विकत घेतलेल्याचे दाम दिले, तेव्हा माझ्याविषयी त्यांच्या मनात देणे-घेणे काही उरले नव्हते, इतकेच.

ज्यांच्याविषयी उरले होते त्यांचे काय होई, याचे उदाहरण त्यांनीच मला सांगितले. त्या तळ्याकाठच्या भोईवस्तीवरून टोपली घेऊन एसटीने शहरात येत. एका उन्हाळ्यात एका कंडक्टरने वास येतो म्हणून त्यांना टोपलीसकट मधल्या फाट्यावर उतरवून दिले. दुसरी गाडी मिळेपर्यंत मासळी नासून गेली. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी कंडक्टरच्या फेऱ्या विचारून घेतल्या आणि सवड मिळेल तेव्हा टोपलीशिवाय, न्हाऊन, इस्त्रीचे लुगडे नेसून, केसांत गजरा माळून त्या गाडीत पुढच्या बाकावर बसू लागल्या. तिकीट घेऊन झाले की नम्रपणे विचारत, "मास्तर, वास येतो का?"

दर फेरीला एवढेच. त्याने वैजापूरची गाडी मागून घेतली, तर बाईंना वैजापुरात एक चुलतनणंद असल्याचे आठवले. शेवटी त्याच्या निवृत्तीच्या समारंभाला त्या नारळ घेऊन आगारात गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि नारळ हाती देताना तेच विचारले. तेव्हा तो माणूस हात जोडून म्हणाला, "न्हाई ओ बाई. त्या दिशीबी येत नव्हता."

"मग?" मी विचारले.

"मग काय? च्या दिला, प्याले, आले." त्यांच्या चेहऱ्यावर भरल्या पोटाचे समाधान होते. "राग ताजा ठिवला तर नासतो, सर. वाळवून ठिवावा. सुकटीवानी. कवाबी काढा, चव तीच."

त्यांच्या घरी मी प्रथम गेलो तो एका रविवारी, पाणी मागायला. पत्र्याचे, सारवलेले, नीटनेटके घर. ओसरीवर त्यांचे यजमान नामदेवराव बसले होते. त्यांनी तांब्या पुढे केला तो डाव्या हाताने, आणि लगेच म्हणाले, "डाव्या हाताचं वाईट वाटून घिऊ नका." उजवा हात मांडीवर होता. त्याची दोन बोटे सरळ, ताठ, कुणाला तरी दिशा दाखवत असल्यासारखी.

समोरच्या भिंतीवर एक जुने जाळे पसरून टांगलेले होते. दारातून ऊन आले की त्यात ठिकठिकाणी काहीतरी चमके. जवळ जाऊन पाहिले तर सगळ्या जाळ्यात गळ अडकवलेले. लहान, मोठे, गंजलेले, काही तीन तोंडांचे; कित्येकांना तुटलेल्या तंगुसाचे, नायलॉनच्या दोऱ्याचे, तुकडे तसेच लोंबत होते. अगदी मध्यभागी हिरव्या रंगाचा, माशाच्या आकाराचा एक परदेशी गळ होता. मला वाटले, हौसेची मांडणी आहे. तसे मी बोललो.

"ती सजावट नाय, सर," भागीरथाबाई चुलीपाशून म्हणाल्या.

हकीकत नामदेवरावांनी सांगितली. ते फेकजाळे टाकण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. असेच एकदा पहाटे तळ्यातल्या डोहातून जाळे ओढत असताना कुणाच्या तरी तुटलेल्या दोऱ्यावरचा हिरवा गळ जाळ्यात आला होता. तो तळहातात शिरला आणि वर भरल्या जाळ्याचे ओझे. हात सोडवेपर्यंत आतली शीर तुटली. पुढे पू झाला, शहरातल्या दवाखान्यात फाडावे लागले, आणि दोन बोटे कायमची ताठ राहिली. ज्याची बोटे मिटत नाहीत, त्याला फेकजाळे उघडता येत नाही.

बाई तो गळ घेऊन पुढच्या रविवारी गळवाल्यांच्या छत्रीपाशी गेल्या. त्यांना फक्त दाखवायचा होता. वकीलसाहेबांनी तो ओळखला आणि आनंदाने हात पुढे केला. "अरे, हा माझाच! कुठे सापडला?" कुठे सापडला ते बाईंनी सांगितले. साहेब सोबत्यांकडे पाहून हसले. "पाण्यात हात घालायचा तर हातमोजे घालावेत, बाई. द्या तो इकडे."

बाईंनी तो दिला नाही. घरी आणून त्याच जाळ्यात, विणीच्या ज्या घरात तो अडकला होता त्याच घरात, परत अडकवला. तेव्हापासून तळ्यात, काठावर, बाभळीत, गुरांच्या खुरांत, जिथे कुठे टाकून दिलेला गळ मिळे, तो त्या जाळ्यावर जाई. वस्तीवरची माणसेही आणून देत. यात चोरून काही नव्हते. सगळ्या वस्तीला ते जाळे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते केवळ आमच्या छत्रीखाली.

मी हे वकीलसाहेबांना सांगायला हवे होते की काय, याचा मी फार विचार केला नाही. राखीचा विनोद तोवर पुष्कळदा होऊन गेला होता.

आता तळ्याच्या तंट्याविषयी. भोयांच्या सोसायटीने तळे ठेक्याने घेतलेले. दरवर्षी बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, विकत आणून तेच सोडणार, तेच वाढवणार. गळवाल्यांचे म्हणणे, की पाणी सरकारचे, आणि एका गळाने एका दिवसात किती मासा जातो? हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण उन्हाळ्यात पाणी आटून सगळा मोठा मासा डोहात गोळा होई, आणि आमची मंडळी नेमकी तिथे जाऊन अंड्यांवर आलेले कटला मासे उचलीत, त्यांच्यासोबत छायाचित्रे काढीत. मग वस्तीवाले रविवारी मुद्दाम आमच्या पुढ्यातच जाळी लावू लागले. दोरे गुंतले, शिवीगाळ झाली, एकाची काठी मोडली, आणि अखेर तालुक्याहून एक अधिकारी आले आणि शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली.

"साहेब," भागीरथाबाई अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "ह्यांचा रविवार आन आमचा सोमवार एकाच पान्यात हाय. एकानं खाल्ला की दुसऱ्याला नाय. तेवढं ध्येनात ठिवा, मग काय ते वाटा."

बऱ्याच वादानंतर ठरले ते असे. रविवारी पश्चिमेचा काठ गळवाल्यांचा, तिकडे जाळे लागणार नाही. त्या बदल्यात उन्हाळ्यात डोहाला कुणी हात लावायचा नाही. तो वस्तीच्या रीतीप्रमाणे अक्षय्य तृतीयेनंतर वाट्याच्या दिवशीच उघडेल. त्या दिवशी सगळी वस्ती मिळून डोह ओढते आणि दर घराला एक सारखा वाटा मिळतो.

इथे वकीलसाहेबांना आपली बाजू दुबळी पडल्यासारखे वाटले असावे. ते उभे राहिले. "मग आम्हालाही एक घर धरा. उपकार नकोत. घराचे सगळे हक्क, सगळ्या रीती. मी कर्ता म्हणून उभा राहतो."

त्या रीती कोणत्या, हे त्यांनी विचारले नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात न वाचता कशावर सही केली नसेल, त्याने भोयांच्या घरची रीत ती काय असणार, असे धरून चालावे, याचे मला आजही नवल वाटते.

भागीरथाबाई हसल्या. मी त्यांना मोकळेपणी हसताना पाहिले ते तेवढेच. "बरं," त्या म्हणाल्या. "घर धरलं."

वाट्याच्या दिवशी आम्ही उजाडताच पोचलो. डोह ओढून झाला होता. काठावर ओल्या गोणपाटांवर माशांचे ढीग मांडलेले. एक वाटा पाण्याचा: अंड्यांवरच्या माद्या पाण्यात बांधलेल्या कापडी झोळीत जिवंत ठेवून आधी त्या पलीकडे सोडल्या जातात, मगच माणसांचे वाटे. ढीग लावायचा मान भागीरथाबाईंचा, आणि म्हणूनच घरांची नावे घेताना ढीग बघायची त्यांना बंदी. त्या ढिगांकडे पाठ करून तळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. धोंडिबा नावाचे एक म्हातारे एकेका ढिगाला काठी लावून ओरडू लागले, "ह्यो कुनाचा?"

"परसूच्या घरचा," बाई न वळता म्हणाल्या.

"ह्यो कुनाचा?"

"विठाचा."

काठी एका ढिगाशी येऊन थबकली. त्या ढिगात इतर मासळी कमी होती, पण तिच्यावर एक कटला होता, मोठ्या माणसाने मुलासारखा कडेवर घ्यावा एवढा. धोंडिबांनी एकवार वस्तीकडे पाहिले. "आन ह्यो?"

"गळवाल्यांचा."

वस्तीतून नाराजीचा एक लांब आवाज निघाला. बाई वळल्या, ढीग पाहिला, साहेबांकडे पाहिले. चेहरा हलला नाही. "बोलले ते बोलले. त्यांचाच."

साहेबांनी मोबाईल काढला. छायाचित्र झाले. ते वाकून कटल्याच्या कल्ल्यात बोटे घालणार, तोच धोंडिबांनी काठी आडवी धरली.

"जाळं साफ झाल्याबिगर वाटा उचलत नसत्यात, सायेब."

रीत अशी होती: दर घराच्या कर्त्याने आपले जाळे निवडायचे, काडी-कचरा, काटे, शेवाळ हाताने काढायचे, मग वाटा न्यायचा. बाकीचे कर्ते बाभळीच्या सावलीत बसून कामाला लागलेही होते. त्यांची जाळी रोजच्या वापरातली, गप्पा संपायच्या आत निवडून होणारी.

"आमच्याकडे जाळे नाही," साहेब म्हणाले.

"ज्या घराला नसतं त्याला दुसऱ्या घरानं द्यायचं असतं," भागीरथाबाई म्हणाल्या. "आन त्यानं साफ करून परत करायचं असतं. मी देते."

त्यांनी आणले ते भिंतीवरचे जाळे.

ते साहेबांच्या मांडीवर पसरले. उन्हात शेकडो टोके लकाकली. मध्यभागी हिरवा गळ होता. साहेबांनी तो ओळखला की नाही हे त्या वेळी मला कळले नाही. ते आधी हसले, मग रागावले, मग आमच्याकडे वळले. उठून जाणे अवघड नव्हते. पण कर्ता उठला की घर मोडले, आणि घर मोडले की पश्चिमेचा काठ गेला. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "करून टाका हो. अर्ध्या तासाचं काम." मी पुढे झालो. बाईंनी मला नजरेनेच बसवले.

"सर, तुमी ऱ्हावा. कर्ता कोन म्हनून उभं ऱ्हायलं व्हतं?"

साहेबांनी गळांच्या डब्यातून पकड काढली.

"पकडीनं दोरा तुटतो," बाई म्हणाल्या. "हातानं."

त्यांनी दोन-तीन गळ काढले. तिसऱ्याने अंगठ्यातून रक्त काढले. मग त्यांनी चालकाला हाक मारली. "अरे, डिकीतले हातमोजे आण माझे!"

भागीरथाबाई याचीच वाट पाहत असाव्यात. त्या त्यांच्यासमोर येऊन उकिडव्या बसल्या आणि अतिशय सौम्य आवाजात, कंडक्टरला वासाचे विचारीत असतील त्याच आवाजात, म्हणाल्या, "हातमोजे पान्यात हात घालायचा तर घालावेत, सायेब. तुमीच सांगितलं व्हतं. हे तर कोरडं जाळं हाय."

साहेबांना आठवले. आठवण चेहऱ्यावर येताना मी पाहिली. त्यांनी बाभळीकडे नजर फिरवली. तिथे नामदेवराव ताठ बोटांचा हात गुडघ्यावर ठेवून बसले होते.

 मग साहेब एकेक गळ उलटा फिरवून काढू लागले. इतर घरांची जाळी निवडून झाली, वाटे उचलले गेले, चुली पेटल्या. सावली सरकली आणि कटल्यावर ऊन आले. त्याचे डोळे पांढुरले, कल्ले तपकिरी झाले, मग माश्या आल्या. आमची मंडळी गाडीत जाऊन काचा वर करून बसली. एक गळ साहेबांच्या तर्जनीत असा रुतला की निघेना. तेव्हा नामदेवराव उठून आले, डाव्या हाताने त्यांचे बोट धरले आणि टोक पुढे ढकलून मोकळे केले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "पुरे, भागा."

"पुरं कसं? कडेचं ऱ्हायलंय की."

मला सुख झाले. ते लपवावे असे मला वाटत नाही. उन्हात मीही डोक्यावर रुमाल टाकून बसलो होतो आणि शेवटचा गळ निघेपर्यंत उठलो नाही.

तो हिरवाच होता. साहेबांनी तो काढला आणि तळहातावर ठेवून बाईंच्या पुढे धरला.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," त्या म्हणाल्या. "त्या दिशी मागितला व्हता ना? आज दिला." जाळे त्यांनी वीत-वीत तपासले, घडी घातली. "आता उचला तुमचा वाटा. टाकून जायचा नसतो."

फुगलेला कटला दोन हातांवर घेऊन वकीलसाहेब गाडीकडे निघाले. त्यांच्यासाठी बाजूला सरून वाट करून देताना वस्तीतल्या एकानेही नाक मुरडले नाही. तशी ताकीद असावी.

पश्चिमेचा काठ गळवाल्यांकडेच राहिला. साहेब पुन्हा आले नाहीत. पण बाकीचे येत, आणि तुटलेला दोरा गुडघाभर पाण्यात उतरून शोधीत.

मी बाईंना शेवटचे पाहिले ते त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस. पुढे माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, मुलाने पुण्याला नेले, आणि हिवाळ्यात नामदेवरावांचा फोन आला, की भागीरथा गेली. त्या शेवटच्या रविवारी मी नेहमीसारखा पाणी प्यायला गेलो होतो. जाळे धुऊन परत भिंतीवर टांगले होते. रिकामे जाळे एवढे मोठे असेल असे मला वाटले नव्हते.

"झाला ना राग पुरा?" मी विचारले.

"त्यांचा झाला," बाई म्हणाल्या.

दारातून ऊन आत आले आणि जाळ्याच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी चमकले. मी वाकून पाहिले. एक लहानसा गळ होता. त्याच्या गाठीवर लाल दोरा गुंडाळलेला.

"परवा वासराच्या खुरात घावला," त्या म्हणाल्या. आवाजात ना राग, ना थट्टा.

मी ओशाळून तो काढायला हात पुढे केला.

"आता नाय, सर," भागीरथाबाई म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या माझ्या त्याच हातात दिला. "वाट्याच्या दिशी."